कोकणात पावसाचं पाणी मे महिन्यापर्यंत कसं पुरवायचं: घर आणि बिल्डिंगसाठी पहिल्यापासून

जुलैत आमच्या विहिरीला काठावरून वाकून कळशी बुडवता येते, आणि एप्रिल संपता संपता त्याच विहिरीत पोहरा तळाला आपटतो आणि अर्धा गाळ घेऊन वर येतो. दरवर्षी हेच. मुंबईहून गावी घर बांधायला आलेले किंवा कुडाळ-रत्नागिरीकडे नवीन फ्लॅट घेतलेले लोक हमखास विचारतात, की कोकणात एवढा पाऊस पडतो, वर्षाला तीन हजार मिलिमीटर म्हणजे काही थोडा नाही, मग टँकर कशाला लागतो? लागतो, कारण पायाखाली जांभा आहे, आपला लाल, भोकाभोकांचा दगड. जांभा म्हणजे चाळण, पडलेलं पाणी पितो आणि तितक्याच पटकन उताराने व्हाळात सोडून देतो, तिथून ते खाडीत आणि मग समुद्रात. त्यात पाऊस जवळपास सगळा चार महिन्यांत पडून मोकळा.

म्हणून नवीन माणसाने एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करावी. घाटावरचे व्हिडिओ बघून जुलैत छपराचं पाणी विहिरीत सोडत बसलात तर इथे फारसा उपयोग नाही, विहीर तेव्हा तशीही तुडुंब असते. आपल्याकडे कामाला येतो तो शेवटचा पाऊस, जो टाकीत धरून ठेवायचा आणि एप्रिल-मेमध्ये काढायचा, आणि दुसरं म्हणजे उन्हाळ्यात आंघोळीचं-कपड्यांचं पाणी एकदा वापरून गटारात न सोडता दुसऱ्यांदा कामाला लावायचं, म्हणजे विहिरीचं किंवा नळाचं चांगलं पाणी प्यायला उरतं. खाली जे लिहितोय ते सगळं या दोन कामांसाठी आहे.

आधी वही-पेन घ्या

टाकी विकत घ्यायला धावू नका, आधी हिशोब. तो सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छपराचा उतार मोजायचा नाही, जमिनीवर त्याची सावली जेवढी पडेल तेवढं क्षेत्रफळ धरायचं. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. थोडं उडतं, थोडं स्लॅब किंवा कौलं पितात, म्हणून ८० टक्केच हाती येईल असं धरा, म्हणजे दर मिलिमीटरला जवळजवळ ७५ लिटर. ३००० मिलिमीटर पावसात हे सव्वादोन लाख लिटरच्या आसपास जातं. आकडा बघून डोळे फिरतात पण एवढं साठवायची गरजच नाही, तुम्हाला किती लागतं ते बघा.

पाच माणसांचं घर. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरले तर दिवसाला ४० लिटर. मार्चच्या सुरुवातीपासून मिरगापर्यंत शंभर दिवस, म्हणजे ४००० लिटर. बस्स. ५००० लिटरची एक टाकी नीट भरून नीट झाकून ठेवली तर त्या घराला पूर्ण उन्हाळा प्यायच्या पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आणि ती भरायला छपरावर किती पाऊस पडायला हवा? साधारण ६७ मिलिमीटर, जो आपल्याकडे सप्टेंबरातसुद्धा दोन-तीन दिवसांत पडून जातो. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, कारण तोपर्यंत आमची आई मे महिन्यात दोन-दोन हंडे घेऊन खालच्या वाडीतल्या विहिरीवर जायची आणि आमच्या कौलांवरून दर पावसाळ्यात लाखभर लिटर पाणी अंगणातून वाहून जायचं.

छप्पर कसलं आहे ते बघा

मंगलोरी कौलं चांगली, रंगीत पत्रे तर उत्तम, स्लॅबही चालतो. आपल्याकडे स्लॅब गळतो म्हणून त्यावर पत्र्याची शेड मारायची पद्धत आहे, ती शेड पाणी धरायला सगळ्यात सोयीची, पटकन धुतली जाते आणि पाणी पीत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील, ज्यात अॅस्बेस्टॉस असतं, तर ते पाणी प्यायला धरू नका, संडासाला आणि झाडांना वापरा. स्लॅबवर डांबर लावलंय किंवा नुकतंच वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारलंय तरी तेच. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामांतच तोडून टाका, पानं तर पडतातच पण त्यावरून उंदीर आणि माकडं उतरतात. उंदराच्या मुताने लेप्टोचा ताप येतो हे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुणाला वेगळं सांगायला नको, म्हणून पाण्याच्या वाटेत उंदीर शिरेल अशी एक फट सुद्धा ठेवायची नाही.

पन्हळ आणि पाइप

इथे बहुतेक लोक चुकतात, कारण पाइप बारीक घेतात. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असेल तर चार इंची उभा पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी ओढू शकतो, म्हणजे हजार फुटाच्या छपराला असे तीन पाइप तरी हवेत, आणि आपल्याकडची सर कधीकधी याच्याही पुढे जाते. एकच पाइप लावला की पन्हळ भरून भिंतीवर पाणी उतरतं आणि मग घरातले म्हणतात कशाला नसते उद्योग केलेस.

पन्हळ निदान सहा इंच रुंद घ्या, दर दहा फुटांना एक इंच उतार द्या. कौलाचं टोक पन्हळीच्या आत दोन बोटं आलं पाहिजे, नाहीतर हळू पावसात पाणी मागे वळून वाशांना लागतं आणि जोराच्या पावसात पागोळी पन्हळीवरून उडी मारून पुढे जाते. आमच्याकडे पूर्वी पोफळीचा बुंधा मधोमध चिरून, आतला गर काढून पन्हळ करायचे, अजून काही घरांत दिसते, तीही चालते पण दोन-तीन पावसाळ्यांत कुजते. समुद्राजवळ घर असेल तर पन्हळीचे हुक आणि क्लॅम्प लोखंडी नकोत, खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत गंजून हातात येतात. पीव्हीसीचे किंवा चांगल्या स्टीलचे घ्या आणि दोन-दोन फुटांवर लावा, कारण माकडं पन्हळीवरून चालतात, ती चालणारच.

पहिलं पाणी सोडून द्यायचं

आमची आजी म्हणायची, "पयल्या पावसाचा पाणी धरूचा नाय, कौलां धुवन येता ता." तिने कधी फिल्टर बघितला नाही पण मुद्दा तोच. आठ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची शीट, शेवाळ, लाल माती, सगळं पहिल्या सरींबरोबर उतरतं. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दोन-तीन मोठ्या सरी तर पूर्ण वाहू द्या, टाकीचा व्हॉल्व बंदच. त्यानंतरही चार-पाच दिवस उघडीप झाली की पुढच्या सरीचं सुरुवातीचं पाणी परत बाहेर काढायचं.

यासाठी उभ्या पाइपला टी जोडून एक बंद पाइप खाली सोडतात, तो आधी भरतो आणि मग पाणी टाकीकडे वळतं. कल्पना छान आहे पण माप बघा. चार इंची पाइपमध्ये एका मीटरला साधारण साडेआठ लिटरच पाणी मावतं. ९३ चौरस मीटर छपराचे पहिले दोन मिलिमीटर सोडायचे म्हणजे १८० लिटरच्या वर होतात. मग तीन फुटी पाइपचा तुकडा लावून काय होणार? त्यापेक्षा २०० लिटरचं निळं पिंप ठेवा, त्याच्या तळाला छोटा नळ लावून तो अगदी थेंब-थेंब सुटेल असा ठेवा, म्हणजे सर थांबली की पिंप आपोआप रिकामं होतं आणि पुढच्या वेळेला तयार. मी पहिल्या वर्षी हे काहीच केलं नव्हतं, छपराचा पाइप सरळ टाकीत सोडला होता. एप्रिलात टाकी उघडली तर पाण्याला कुजक्या पानांचा वास, आणि तळाला दोन बोटं जाडीचा काळा चिखल. ५००० लिटर पाणी, आणि त्यातलं प्यायला एक तांब्या नाही. त्या वर्षी ते सगळं माडांना घातलं आणि आई परत हंडे घेऊन खाली गेली. तेव्हापासून पिंप लावल्याशिवाय मी कुणाला टाकी जोडू देत नाही.

फिल्टर

पिंपानंतर फिल्टर. तो महागडा पाहिजे असं नाही. २०० लिटरच्याच दुसऱ्या पिंपात खाली मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर जाळी अंथरून वर जाडी वाळू, आणि अगदी वर परत जाळी. पाणी वरून शिरतं, खालून बाहेर पडतं. कोळशाचा थर दिला तर वास कमी होतो पण तो दरवर्षी बदलायची तयारी असेल तरच द्या. वाळू नदीची घ्या, समुद्राची पुळणीवरची अजिबात नको, कितीही धुतली तरी मीठ राहतं. सगळी खडी-वाळू आधी टोपलीत घालून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, याला अख्खा दिवस जातो, जाऊ द्या. वाळूचा वरचा थर मातीने बसला की पाणी तुंबतं, मग वरची दोन इंच वाळू खरवडून काढायची, धुवायची, परत घालायची. आणि जोराच्या सरीत फिल्टरला पाणी झेपत नाही म्हणून वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचा पाइप हवाच.

टाकी, आणि ती कधी भरायची

५००० लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन. टाकी जुन्या स्लॅबवर चढवू नका. जमिनीवर चिऱ्यांचा चौथरा बांधा, दीड-दोन फूट उंच, म्हणजे नळाखाली हंडा बसतो, आणि वर सपाट कोबा करा. प्लास्टिकची टाकी पटकन होते. फेरोसिमेंटची, म्हणजे सळई आणि कोंबडीजाळीवर सिमेंटचा गिलावा करून केलेली, गवंड्याला येत असेल तर जास्त टिकते आणि पाणी गार राहतं. टाकी सावलीत हवी आणि आत उजेड अजिबात जाता कामा नये, उजेड गेला की शेवाळ धरतं. झाकण घट्ट, हवेच्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाला डासांची बारीक जाळी, नळ तळापासून चार इंच वर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जून ते ऑगस्ट टाकीतलं पाणी रोज वापरा, कपडे, भांडी, संडास, सगळ्याला, रोज नवीन पाणी येतंच आहे, साठवून ठेवायचं कारणच नाही. गणपती गेले की टाकी पूर्ण रिकामी करून आत उतरून काथ्याने घासून धुवायची, आत उतरताना बाहेर एक माणूस उभा पाहिजेच. मग पुढच्या चांगल्या पावसात, छप्पर धुऊन निघाल्यावर, टाकी भरून घ्यायची आणि घटस्थापनेपर्यंत झाकण लावून मोकळं व्हायचं. अधिक महिन्याच्या वर्षी गणपती उशिरा येतात तेव्हा वाट बघू नका, सप्टेंबरच्या मध्यालाच हे काम उरका. परतीच्या पावसावर भरवसा ठेवून हस्त नक्षत्रापर्यंत थांबणारे असतात, कधी साधतं, कधी नुसताच गडगडाट होतो आणि टाकी अर्धी राहते.

भरली की १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम या मापाने चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ५००० लिटरला साडेबारा ग्रॅम. सरळ टाकीत टाकायची नाही, बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. उघड्या पुडीतली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. उन्हाळ्यात टाकी वापरायला काढताना परत एकदा हाच डोस, अर्धा तास थांबायचं, मग वापर. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टचं साहित्य असतं, त्याला बोलवा, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे असं समजायचं. पहिल्या वर्षी एक नमुना प्रयोगशाळेत द्याच, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये तपासणी होते. आणि तरीही लहान मूल किंवा म्हातारं माणूस घरात असेल तर उकळून प्या.

आरओ मात्र या पाण्याला लावू नका. आरओ क्षार काढायला असतो, पावसाच्या पाण्यात मुळात क्षारच नसतात, उलट तो मशीन निम्म्याहून जास्त पाणी बाहेर फेकतो आणि तुम्ही इतक्या कष्टाने धरलेलं पाणी मोरीत जातं. या पाण्यात तूरडाळ किती पटकन शिजते ते बघा एकदा.

विहीर आणि बोअर

म्हणजे पाणी मुरवायचंच नाही असं नाही. टाकी भरल्यानंतरचं सप्टेंबर-ऑक्टोबरचं जास्तीचं पाणी फिल्टरमधून विहिरीत जरूर सोडा, तेव्हा विहिरीची पातळी उतरायला लागलेली असते. किनाऱ्यालगत तर याचा फायदा वेगळाच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याला चारी बाजूंनी समुद्र, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड्या पाण्याच्या, हे आपण शाळेच्या सहलीपासून ऐकतो. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी टिकलं तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी राहू शकतं. मोठा पंप लावून एकदम उपसलं की हा हिशोब उलटा फिरतो आणि खालून खारं वर चढतं, मग विहीर मचूळ होते आणि ती गोडी व्हायला पावसाळेच्या पावसाळे जातात. म्हणून किनाऱ्याला पंप लहान, उपसा थोडा-थोडा, आणि छपराचं पाणी विहिरीच्या आजूबाजूला मुरवणं, हे तिन्ही एकत्र लागतं. बोअरमध्ये गढूळ पाणी कधीही सरळ सोडू नका, झिरपायच्या वाटा मातीने बंद होतात.

वापरलेलं पाणी: घरात

आंघोळ, हात धुणं, कपडे, हे वापरलेलं पण कामाचं पाणी. संडासाचं पाणी यात कधीच मिसळायचं नाही, त्याची लाइन वेगळी, टाकी वेगळी, विषय वेगळा. किचनचं पाणी मधलं, त्यात तेल आणि खरकटं असतं.

गावच्या घरात सगळ्यात सोपं म्हणजे न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात. पाच माणसं, एकेक बादली आंघोळ, शंभर लिटर तरी होतातच, आणि मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० लिटर पाणी पुरतं, म्हणजे तीन माड फुकट जगतात आणि विहिरीचं तेवढं पाणी वाचतं. हे आपले जुने लोक करतच होते, न्हाणीमागे केळ, अळू, कर्दळ असायचीच. पण एकाच जागी रोज पाणी सोडलं की चिखल, साबणाचा थर आणि डास. म्हणून आळं बुंध्यापासून चार-पाच फूट लांब गोल काढा, त्यात नारळाची सोडणं आणि पालापाचोळा भरा आणि पाणी त्या पाचोळ्याखाली सोडा, उघड्यावर साचलेलं दिसता कामा नये. पाइपला दोन-तीन फाटे ठेवून दर दोन दिवसांनी झाड बदला. भाजीला द्यायचं असेल तर वांगी-भेंडीच्या मुळाशी चालेल, पण मुळा, कोथिंबीर, पालेभाजी, जे कच्चं खाल्लं जातं किंवा मातीला टेकतं, त्याला नको.

पाइपला एक दोन-तोंडी व्हॉल्व बसवून घ्या, एक तोंड बागेकडे आणि एक शोषखड्ड्याकडे. पावसाळ्यात बागेला पाणी नकोच असतं. शिवाय ज्या दिवशी फिनेल, अॅसिड किंवा कपड्यांना ब्लीच वापरलंय त्या दिवशीही व्हॉल्व शोषखड्ड्याकडे फिरवायचा. साबणातला सोडा उन्हाळाभर मातीत साठतो, आपल्याकडे पावसाळा तो धुऊन काढतो, ही कोकणाची सोय आहे, पण म्हणून पावडर मूठभर टाकायची असं नाही.

शोषखड्डा विहिरीपासून ६० फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. जांभ्यात भोकं आणि वाटा इतक्या असतात की घाण पाणी मातीतून गाळून जाण्याऐवजी सरळ विहिरीत पोचू शकतं, म्हणून जागा असेल तर यापेक्षा लांबच घ्या. आणि ऑगस्टमध्ये खड्ड्यात जमिनीचंच पाणी वर आलेलं असतं, तेव्हा तो काही शोषत नाही, हे खोदायच्या आधी पावसाळ्यात एकदा जागा बघून ठरवा.

किचनसाठी तेल पकडायची छोटी चौकट करा, एक दोन बाय दीड फुटाची सिमेंटची कुंडी. आत पाणी वरून पडतं, बाहेर जायच्या पाइपला आतल्या बाजूने एल्बो लावून त्याचं तोंड पाण्याच्या मध्यापर्यंत खाली न्यायचं. तेल वर तरंगत राहतं, खरकटं तळाला बसतं, मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेर पडतं. आठवड्याला वरची साय आणि तळाचा गाळ काढून खतात टाकायचा, काढला नाही तर वास असा सुटतो की शेजारी येऊन सांगतात. मासळी धुतलेलं पाणी मात्र या कुंडीत नको, खवलं अडकतात. ते बादलीतच धरून सरळ माडाला घालून वर माती ओढा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ४५ लिटर फ्लशसाठी असतात. गावाकडे जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर द्यायचं ठरलंय, म्हणजे शहरातल्या एका माणसाच्या फ्लशमध्ये जवळजवळ गावच्या माणसाचं दिवसभराचं पाणी जातं. आणि ते पिण्यायोग्य केलेलं पाणी. म्हणून फ्लॅटमध्ये सुरुवात फ्लशपासून करा.

काहीही न फोडता करायचं तर वॉशिंग मशीनचा पाइप बाथरूममधल्या पिंपात सोडा, तोंडाला जुना मोजा बांधा म्हणजे कपड्यांचे तंतू अडकतात, आणि दिवसभर बादलीने तेच पाणी संडासात टाका. मशीनचा पंप फार उंच ढकलत नाही, पिंप बुटकं ठेवा. हे पाणी एका दिवसाच्या वर ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी वास मारतं आणि तिसऱ्या दिवशी घरातले परत करू देत नाहीत.

सोसायटी म्हणून करायचं असेल तर आधी पावसाच्या पाण्याची फ्लश लाइन करा, वापरलेल्या पाण्याची नंतर. हिशोब बघा, सोळा फ्लॅट, ६४ माणसं, सहा लिटरचा फ्लश दिवसातून पाच वेळा धरला तर दिवसाला दोन हजार लिटरच्या आत. गच्ची ३००० चौरस फूट, म्हणजे २७९ चौरस मीटर, एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर अकरा हजार लिटर. म्हणजे दहा हजाराची एक टाकी पार्किंगच्या कडेला असली तर चार-पाच दिवसांची फ्लशची सोय, आणि आपल्याकडे जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सलग पाच दिवस कोरडे फार वेळा जात नाहीत. तेवढे महिने संडासासाठी नळाचं पाणी जवळपास लागतच नाही.

गच्चीवर जाऊन बघा, बऱ्याच बिल्डिंगमध्ये संडासाला खाली उतरणारा पाइप किचनच्या पाइपपासून वेगळा असतो, तसं असेल तर गच्चीत एक छोटी वेगळी टाकी बसवून तो पाइप तिला जोडला की काम झालं, भिंती फोडाव्या लागत नाहीत. फक्त त्या पाइपवर बाथरूमचे शॉवर, बेसिन, गीझर जोडलेले नाहीत ना हे प्रत्येक फ्लॅटमध्ये शिरून तपासा. आणि पावसाळ्यानंतर नळाचं पाणी त्या टाकीत घ्यायचं तर ते वरून, हवेतून पडलं पाहिजे, दोन लाइन मध्ये व्हॉल्व टाकून एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. माझ्या मावशीच्या बिल्डिंगमध्ये प्लंबरने सोयीसाठी असा एक व्हॉल्व ठेवला होता, कुणीतरी तो अर्धा उघडा सोडला आणि चार दिवस किचनच्या नळाला पिवळसर पाणी येत होतं, दोन घरांत मुलं जुलाबाने पडली तेव्हा कुठे शोध लागला. फ्लशच्या लाइनला वेगळा रंग मारा आणि टाकीवर मोठ्या अक्षरात लिहा, हे पाणी पिण्याचं नाही.

आंघोळीचं पाणी सोसायटीत परत वापरायचं तर आधी गाळ बसायची टाकी, मग खडीचा वाफा ज्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावलेलं, दोन-अडीच फूट खोल, पाणी खडीच्या पोटातून हळू सरकतं आणि मुळांजवळचे जंतू त्यातली घाण खातात, नंतर वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन. वाफ्याला माणशी एक चौरस मीटर तरी जागा लागते, म्हणजे ६४ माणसांना ६४ चौरस मीटर, आणि तेवढी जागा फार थोड्या बिल्डिंगना असते. जागा नसेल तर ओढूनताणून करू नका, तळमजल्याच्या चार फ्लॅटचं न्हाणीचं पाणी कंपाउंडमधल्या नारळांना वळवा, ते एका रविवारी होतं.

नवीन फ्लॅट घेताय तर बिल्डरला सरळ विचारा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवायची किंवा मुरवायची सोय करावी लागते. नकाशात दाखवलेला खड्डा जागेवर आहे का, गच्चीचा पाइप त्याला जोडलाय की गटारात सोडलाय, हे पावसात उभं राहून बघा, कोरड्या दिवशी सगळं ठीकच दिसतं.

टाकी उघडायचा दिवस

आमच्याकडे होळी झाली की टाकीचं कुलूप काढतो. हो, कुलूप लावतो, नाहीतर जाता-येता कुणीतरी पाय धुवायला नळ सोडतं. पहिलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात बघायचं, वास घ्यायचा, ब्लीचिंगचा डोस द्यायचा, अर्धा तास थांबून मग हंडा लावायचा. टाकीवर आतून पातळी कळेल अशी काठी ठेवलीय, तिच्यावर दर रविवारी खडूने खूण करतो, खूण ठरवल्यापेक्षा खाली गेली की त्या आठवड्यात कोण जास्त वापरतंय ते घरात विचारायचं. मिरग लागेपर्यंत नळाच्या खालचं चार इंच पाणी शिल्लक राहतं, त्यात तळाचा बारीक गाळ असतो, ते प्यायला काढू नका, टाकी धुताना बादल्यांनी काढून माडांना घाला आणि छप्पर झाडायला शिडी लावा.